रेडिओची हद्द कुठे संपते?

बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर उभे राहून आंतरराष्ट्रीय सीमेच्या गोष्टी करायच्या म्हणजे जरा चमत्कारिकच. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले हे गाव. इथून सगळ्यांत जवळची परदेशाची हद्द नेपाळची, आणि तीही सातशे किलोमीटरहून लांब. इथल्या माणसाला सीमा म्हटले की आठवते ती वैनगंगेपलीकडची. बालाघाटकडे निघाले की मोबाइल एकाएकी मध्य प्रदेशात स्वागत असल्याचे कळवतो. एके काळी त्या स्वागताबरोबर रोमिंगचे पैसेही कापले जात.

तरीही रेडिओच्या कायद्याने पाहिले तर बोदलकसा सीमेपासून लांब नाही. नेमके सांगायचे तर ते रात्री सीमेवर असते, दिवसा नसते. जमिनीवरची सीमा ही रेघ. रेडिओची सीमा हा पट्टा, आणि त्याची रुंदी ठरते वारंवारतेवर, प्रक्षेपकाच्या ताकदीवर नि चक्क घड्याळावर. एफएमचा पट्टा काही दहा किलोमीटरांचा, मिडियम वेव्हचा रात्री हजारो किलोमीटरांचा, शॉर्टवेव्हला तर अख्खी पृथ्वी पुरत नाही. सीमेजवळच्या रेडिओचे नियम एवढे गुंतागुंतीचे का, हे या कमीजास्त होणाऱ्या पट्ट्यावरून कळते. ते कितपत पाळले जातात, हे मात्र राजकारणावरून कळते.

आधी मिडियम वेव्ह. जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर उन्हामुळे विद्युतभारित झालेला एक थर असतो. दिवसा तो मिडियम वेव्हच्या वर गेलेल्या लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा फक्त जमिनीलगत सरकणारी लहर ऐकू येते. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरांपर्यंत पोहोचतात आणि तिथून परत खाली वळतात. नागपूरचे एक हजार किलोवॅटचे केंद्र 1566 किलोहर्ट्झवर याच गुणाचा फायदा घ्यायला उभारले गेले. 18 मे 1988 रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून सुरू झाली, आणि तिची वेळ होती संध्याकाळ ते पहाट. देशाच्या मधोमध बसून रात्री सगळ्या देशाला ऐकू जायचे, ही कल्पना. पण आकाशातून परतणाऱ्या लहरीला वाघा आणि बेनापोलच्या सीमा कुठे आहेत हे कोण सांगणार? आणि जी लहर बाहेर जाते तशीच बाहेरची आत येते. याच 1566 वर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे एक ख्रिस्ती प्रसारण केंद्रही आहे, नागपूरपासून सुमारे 4800 किलोमीटरवर. दोघांना एकच वारंवारता वापरता येते ती मधल्या अंतराच्या भरवशावर.

हा भरवसा कागदावर आणण्याचे काम 1975 मध्ये जिनिव्हात झाले. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांनी मिळून लाँगवेव्ह-मिडियम वेव्हची वाटणी केली: कुठल्या केंद्राला कुठली वारंवारता, किती ताकद, अँटेना कुठल्या दिशेला. हा करार नोव्हेंबर 1978 पासून अमलात आला. त्यात दोन शेजारी वारंवारतांमधले अंतर 9 किलोहर्ट्झ ठरले. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल, किंवा आकाशवाणीची केंद्रे नुसती आठवत असतील, तर गणित करून पाहा. नागपूर 585, पुणे 792, मुंबई 1044, पणजी 1287. प्रत्येक आकड्याला 9 ने नि:शेष भाग जातो. अमेरिका त्या करारात नव्हती, तिथे 10 चे अंतर आहे. म्हणूनच परदेशातून आणलेल्या काही डिजिटल सेटांच्या पाठीमागे 9 आणि 10 असे एक बारीकसे बटण असते आणि ते चुकीच्या बाजूला राहिले की नागपूर काही केल्या नीट लागत नाही. आंतरराष्ट्रीय करार सामान्य माणसाच्या हाताला इतक्या जवळून लागल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

या सगळ्यावरचे मूळ पुस्तक म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रेडिओ नियमावली. संघ 1865 मध्ये पॅरिसला तारायंत्रासाठी स्थापन झाला, 1869 पासून भारत त्याचा सदस्य आहे. बिनतारी संदेशांचे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय संमेलन 1906 मध्ये बर्लिनला भरले आणि तेव्हापासून हे पुस्तक जाड होत गेले. दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरते आणि त्यात दुरुस्त्या होतात. गेली परिषद 2023 च्या अखेरीस दुबईत झाली. नियमावलीचा दर्जा आंतरराष्ट्रीय कराराचा आहे. कुठल्या प्रक्षेपकाचा त्रास सरहद्दीपलीकडे होऊ शकत असेल तर त्याची वारंवारता संघाच्या नोंदवहीत चढवायची, हा तिचा कणा. नोंद झाली की त्या वारंवारतेला संरक्षण मिळते. नोंदच नसेल तर तक्रार करायला तोंड उरत नाही.

या पुस्तकातले मला सगळ्यांत रंजक वाटणारे कलम 23.3 क्रमांकाचे आहे. त्याचा आशय असा की 5060 किलोहर्ट्झच्या खाली आणि 41 मेगाहर्ट्झच्या वर काम करणाऱ्या प्रसारण केंद्रांनी आपल्या देशाच्या हद्दीत चांगली सेवा द्यायला लागेल त्याहून जास्त ताकद तत्त्वतः वापरू नये. (यातून 3900 ते 4000 किलोहर्ट्झचा एक छोटा पट्टा वगळला आहे.) थोडक्यात, मिडियम वेव्ह आणि एफएम ही घरची चूल, शेजाऱ्याच्या अंगणात धूर सोडू नका. मधली शॉर्टवेव्ह मात्र मोकळी, कारण ती मुळातच परदेशी जाण्यासाठी.

आता हे कलम हातात धरून भारताच्या कडा पाहू. राजकोटला 1071 किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅटचे केंद्र, ज्यावरून आकाशवाणीची उर्दू सेवा सिंधपर्यंत जाते. कोलकात्याजवळ चिन्सुऱ्याला तेवढ्याच ताकदीचे दुसरे. तिथून 23 ऑगस्ट 2016 रोजी 594 किलोहर्ट्झवर आकाशवाणी मैत्री ही वाहिनी सुरू झाली, उघडपणे बांगलादेशच्या श्रोत्यांसाठी आणि राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते. अमृतसरजवळ घरिंडा येथे सप्टेंबर 2018 मध्ये 20 किलोवॅटचा एफएम प्रक्षेपक बसला, 103.6 मेगाहर्ट्झवर; लाहोर तिथून किती जवळ आहे हे सांगायला नको. यात भारत एकटा नाही, शेजारीही तेच करतात. कलमातला ‘तत्त्वतः’ हा शब्द बराच भार वाहतो. तरी कोणी कोणाला कोर्टात खेचत नाही, कारण तक्रार सरकारने सरकारकडे करायची, मग संघाच्या कार्यालयाकडे, शेवटी बारा सदस्यांच्या रेडिओ नियमन मंडळाकडे. आणि या मंडळापाशी ना पोलीस ना दंड. सीमेजवळ एखादा रेडिओनियम टिकला तर तो दोन्हीकडच्यांना सोयीचा असतो म्हणून, हे माझे या विषयाबद्दलचे मुख्य म्हणणे आहे, आणि पुढची उदाहरणे त्याच्याच बाजूने पडतात.

शॉर्टवेव्हच्या मोकळिकीचा किस्सा आपल्याकडे जुना आहे आणि त्यातला मुख्य माणूस मराठी. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, दहा वर्षे राहिले, आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून त्यांनी जवळजवळ हद्दपार केले. श्रोते कोलंबोला गेले. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी उभारलेला दांडगा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होता. डिसेंबर 1952 मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून लहरी परत भारतात येत. मंत्र्यांना चीड आली असेल, पण तक्रारीला जागा नव्हती. शॉर्टवेव्हवर परदेशासाठी बोलणे नियमाला धरूनच. उत्तर द्यायचे तर ते कार्यक्रमानेच द्यायला हवे होते, आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारतीच्या रूपाने ते दिले गेले. जाहिरातींचे उत्पन्न कोलंबोला जाते हे खटकायला आणखी दहा वर्षे लागली. 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरहून. केसकरांच्या हेतूबद्दल मतभेद असू शकतात; पण परकी लहर बंदीने अडत नाही, एवढे तरी त्या दहा वर्षांनी दाखवून दिले.

मराठी मुलखाला खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा लागून होती ती गोव्याची, डिसेंबर 1961 पर्यंत. सावंतवाडीकडचा माणूस बांदा ओलांडला की पोर्तुगालमध्ये शिरत असे. पोर्तुगीजांचे स्वतःचे केंद्र, एमिसोरा द गोवा, 1946 पासून चालू होते. ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहावर गोळीबार झाल्यावर भारताने सीमा बंद केली, वर्तमानपत्रे आत जाईनाशी झाली. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला आंबोलीच्या रानातून एक आवाज सुरू झाला, पोर्तुगीज आणि कोंकणीतून. केंद्राचे नाव ‘गोव्याच्या मुक्तीचा आवाज’ अशा अर्थाचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवीत. 25 नोव्हेंबर ही 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला ती तारीख. योगायोग असला तरी फार नेमका. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात गेले. घाटमाथ्यावरून खाली पसरलेला गोवा हा लहरींना सरळ उतार.

हा मामला नियमावलीत कुठे बसवायचा? 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असे यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा होता. ओळख न देता प्रक्षेपण करायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई. पोर्तुगालला दाद मागायची तर ती प्रक्षेपक ज्या देशात आहे त्याच्याच सरकारकडे, म्हणजे दिल्लीकडे. सहा वर्षे हे केंद्र चालले. दिल्लीने ते बंद पाडले नाही, यातच काय ते आले. लष्करी कारवाईच्या तोंडावर पोर्तुगीज गव्हर्नरने शरण यावे हे आवाहनही याच केंद्रावरून पोर्तुगीजमधून गेले. आणि 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. हानिकारक व्यत्यय दूर करण्याची ही पद्धत कुठल्याही कलमात नाही, एवढे नमूद करायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, तेव्हा सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगत फिरले. जानेवारी 1962 मध्ये पणजीचे केंद्र आकाशवाणीचे झाले आणि एका आंतरराष्ट्रीय सीमेचा रेडिओप्रश्न सीमाच पुसली गेल्याने मिटला. लिबिया लोबो सरदेसाई यांना 2025 मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. मुक्तिलढ्याच्या मराठी आठवणींमध्ये सत्याग्रहींना जेवढी जागा मिळते त्याच्या निम्मीही या केंद्राला मिळत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

मोबाइलच्या जमान्यात धोरण नेमके उलटे फिरले. प्रसारणात आपली लहर पलीकडे जावी अशी सरकारची इच्छा. मोबाइलमध्ये ती जाऊच नये. दूरसंचार कंपन्यांच्या परवान्यातच अट असते की टॉवर सीमेपासून शक्य तितके दूर असावेत आणि त्यांचा सिग्नल सीमेजवळ येता येता मंदावत जावा, पलीकडे काही अंतरावर तो निरुपयोगी व्हावा. भीती अशी की पलीकडचा माणूस आपले सिम घालून आपल्याच जाळ्यावरून बोलेल. भुर्दंड पडतो तो सीमेवरच्या गावांना: रेंज अर्धीमुर्धी आणि कधी कधी फोनवर शेजारदेशाच्या कंपनीचे नाव. एप्रिल 2023 मध्ये एकाच दिवशी 100 वॅटचे 91 एफएम प्रक्षेपक सुरू झाले, त्यात सीमाभागावर भर होता. म्हणजे त्या गावांत रेडिओ खणखणीत नि फोन मिणमिणता, असा प्रकार.

बोदलकशाला याची घरगुती आवृत्ती माहीत आहे. भारताची मोबाइलसाठी 22 परिमंडळे पाडलेली आहेत. गोंदिया महाराष्ट्र-गोवा परिमंडळात. बालाघाट मध्य प्रदेशच्या, आणि छत्तीसगडही त्याच परिमंडळात. स्पेक्ट्रमचे लिलाव परिमंडळवार होतात, त्यामुळे एकाच कंपनीकडे नदीच्या दोन काठांवर वेगवेगळ्या वारंवारता असू शकतात. फरक इतकाच की इथे तंटा झाला तर वर एकच दूरसंचार विभाग आहे.

तसा वरचा कोणी नसलेल्या शेजाऱ्यांनी नीट वागायचे ठरवले तर काय करतात? अमेरिकेने कॅनडाच्या सीमेशी साधारण समांतर, सुमारे 120 किलोमीटर आत ‘लाइन ए’ नावाची रेघ आखली आहे. तिच्या उत्तरेला अनेक वारंवारतांसाठी कॅनडाशी आधी बोलावे लागते आणि हौशी रेडिओचालकांना 420 ते 430 मेगाहर्ट्झ वापरताच येत नाही. युरोपात सीमेलगतच्या वारंवारता देशादेशांत आधीच वाटून घेतात: या तुझ्या, या माझ्या, दुसऱ्याच्या वापरायच्या तर सीमेवर सिग्नल अमुक तीव्रतेच्या खाली ठेवायचा. हे जमते, कारण तिथे व्यत्यय दोन्ही बाजूंना सारखाच नकोसा असतो.

वैयक्तिक उपकरणांच्या बाबतीत आपल्याकडची सीमा विमानतळावरही असते. 26/11 च्या हल्लेखोरांनी ‘कुबेर’ नौकेवरून थुराया उपग्रह फोन वापरला, आणि त्यानंतर परवानगीशिवायचे असे फोन भारतात अधिकच कडकपणे निषिद्ध झाले. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक अडवले गेले ते डोंगर भटकताना जवळ ठेवायच्या उपग्रह-संदेश यंत्रामुळे. त्यांच्या देशात ते कोणत्याही दुकानात मिळते. वॉकी-टॉकीचेही तसेच. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे संच परवानामुक्त केले. ऑनलाइन बाजारात मात्र भलत्याच वारंवारतांचे संच बिनदिक्कत विकले जाऊ लागले, तेव्हा मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीवर नियमावली काढली. नागझिऱ्याच्या अभयारण्यात फिरायला येणाऱ्या हौशी गटांनी खोक्यावरची वारंवारता वाचून मगच संच घ्यावा. शेजारी वनखाते आणि पोलीस बिनतारीवर बोलत असतात.

हौशी रेडिओवाल्यांना सरहद्द कमी जाचते. परवाना असलेला हॅम कुठल्याही देशातल्या हॅमशी बोलू शकतो, त्या देशाने हरकत नोंदवली नसेल तर. विषय तांत्रिक किंवा किरकोळ खासगी. दुसऱ्याचा निरोप पोहोचवायला मात्र आपत्तीतच मोकळीक.

सध्याचा सर्वांत गंभीर व्यत्यय कोणी ऐकत नाही, कारण तो जीपीएसमध्ये आहे. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च 2025 मध्ये लोकसभेला सांगितले की नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, विमानांना अशा 465 घटना नोंदवाव्या लागल्या. खोटे किंवा दिशाभूल करणारे सिग्नल सोडायला नियमावलीच्या 15 व्या अनुच्छेदाने सर्वांनाच मनाई आहे. वैमानिक मात्र तो अनुच्छेद सोडून जुन्या दिशादर्शक साधनांकडे वळतात.

आता उपग्रह. त्याचा झोत वरून पडतो, त्याला रेघेवर कापता येत नाही. पण जमिनीवरचे यंत्र त्या देशाच्या परवान्याशिवाय चालवायचे नाही, हे नियमावलीचा 18 वा अनुच्छेद सांगतो. इराणने याच आधारावर स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेविरुद्ध दाद मागितली, आणि 2023 पासून रेडिओ नियमन मंडळाने नॉर्वे व अमेरिका यांना, ज्यांच्या नावाने ही प्रणाली नोंदलेली आहे, ती सेवा तिथे थांबवायला सांगितले. यंत्रे इराणमध्ये चालू राहिलीच. आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये मणिपूरला शस्त्रांबरोबर स्टारलिंकचे चिन्ह असलेले यंत्र सापडले. भारतावरचे झोत बंद आहेत, असे इलॉन मस्क यांनी तेव्हा सांगितले. उपग्रहांच्या सिग्नलवर लक्ष ठेवणारे भारताचे आंतरराष्ट्रीय भूकेंद्र आहे आपल्याच जालन्याला, कुठल्याही सीमेपासून शेकडो किलोमीटर आत. वरून येणारे ऐकायला सीमेवर बसावे लागत नाही.

मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह सेवांसाठी सुरक्षा अटी जाहीर केल्या. त्यांत जमिनीच्या सीमेलगत 50 किलोमीटरचा आणि किनाऱ्याकडे 200 सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रापर्यंतचा पट्टा विशेष देखरेखीचा ठरवला आहे. म्हणजे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या समोरचा समुद्र रेडिओच्या हिशेबाने सीमाभाग झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले ते गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांसाठी. गडचिरोली ही गोंदियाची शेजारीण, 50 किलोमीटरच्या पट्ट्यापासून कितीतरी दूर.

पुढची जागतिक परिषद 2027 मध्ये शांघायला भरेल. उपग्रहावरून थेट साध्या मोबाइलला सिग्नल देण्याचा विषय तिच्या कार्यसूचीत आहे, आणि शेजारदेशाच्या हद्दीत तो सांडला तर काय, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्यावर निर्णय होईपर्यंत भारतापुरता चालू नियम 50 किलोमीटरचाच आहे.